द्राक्षबागेचें दप्तर : नाशिकचीं द्राक्षें व युरोपीय संघाचा कायदा

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस नव्या कागदाविषयीं थोडी अनास्था असते. मोडी रुमाल, सनदा, महजर, निवाडपत्रें यांच्यामागें धांवतांना शेजारच्या घरांतील काल-परवांचें टिपण पाहावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. पेशवाईंतील जकातीच्या चिठ्ठ्या एके काळीं अशाच काल-परवांच्या होत्या, हें आपण विसरतों. प्रस्तुत लेखाचा विषय असा एक नवा कागद आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील द्राक्षबागायतदारांच्या घरीं गेल्या वीस वर्षांत जें दप्तर सांचत आलें, त्याचें मूळ नाशिकांत नाहीं, मुंबईंत किंवा दिल्लींतहि नाहीं. तें ब्रुसेल्स येथें आहे. फौज न आणतां, ठाणें न बसवितां, केवळ लेखाच्या बळावर दूरच्या सत्तेचा अंमल नाशिकच्या शेतावर कसा बसला, हें ज्याला पाहावयाचें असेल त्याला या दप्तरासारखें दुसरें साधन मिळणार नाहीं, असें आमचें मत आहे. आणि हेंच साधन मुदत सरली कीं रद्दींत जातें.

ही सत्ता कशी उभी राहिली तें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. २५ मार्च १९५७ रोजीं रोम येथें फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड व लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनीं तह केला. १ जुलै १९६८ पर्यंत त्यांच्यामधील आपसांतील जकात उठली व बाहेरून येणाऱ्या मालावर एकच सामायिक जकात बसली. पुढें १९९२ सालीं मास्ट्रिख्ट येथील तहावर सह्या झाल्या आणि १९९३ च्या आरंभीं एकच बाजार अस्तित्वांत आला. परंतु जकात उठविणें हें यांतील सोपें काम होतें. एका राष्ट्रांत विकावयास योग्य ठरलेला माल शेजारच्या राष्ट्रानें आरोग्याचें कारण सांगून नाकारला, तर जकात उठूनहि सीमा शिल्लकच राहते. म्हणून नियम एक करणें भाग पडलें. २००२ सालीं अन्नाविषयींचा सामान्य कायदा झाला. फवारणीच्या औषधांसंबंधींचा २००५ सालचा ३९६ क्रमांकाचा कायदा १ सप्टेंबर २००८ पासून पुरता लागू झाला. फळांत औषधाचा किती अंश उरलेला चालेल, हें त्यापूर्वीं बहुतांशीं ज्याचें तो राष्ट्र ठरवीत असे. आतां तें सर्वांसाठीं एकच ठरलें. ज्या औषधाची मर्यादा स्वतंत्रपणें सांगितलेली नाहीं, त्याला एका किलोस ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा घातली गेली. हें प्रमाण दहा कोटींत एक इतकें पडतें.

आतां नाशिककडे वळूं. या जिल्ह्यांतील आधुनिक द्राक्षशेतीचा आरंभ १९२५ च्या सुमारास ओझर येथें रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनीं केला, असें सर्वत्र मानिलें जातें. १९६० सालीं राज्याच्या द्राक्षबागायतदारांचा संघ स्थापन झाला. बिनबियांच्या थॉमसन जातीनें बागेचें रूप पालटलें. १९८९ सालीं न्हावा शेवा येथील बंदर सुरू झालें व १९९१ सालीं बागायतदारांच्या सहकारी संस्थांनीं मिळून निर्यातीसाठीं ‘महाग्रेप्स’ ही संस्था काढली. जानेवारी ते एप्रिल हा आपला हंगाम. त्या दिवसांत युरोपांतील वेली निजलेल्या असतात. या एका योगावर हा सारा व्यापार उभा आहे. शीतगृहांतून निघालेला माल रॉटरडॅम बंदरीं उतरतो व तेथून निरनिराळ्या राष्ट्रांत जातो.

मालाबरोबर कागद कोणता जातो, हें सांगण्यापूर्वीं आम्हांस कौटिल्याचें स्मरण होतें. १९०५ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्र्यांच्या हातीं ज्याची पोथी लागली, त्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत शुल्काध्यक्षाचें प्रकरण आहे. नगरद्वाराशीं शुल्कशाळा असावी; तेथें चार-पांच अधिकाऱ्यांनीं व्यापारी कोण, कोठून आले, माल किती व त्यावर ओळखीची मुद्रा कोठें झाली हें लिहून घ्यावें, असें तेथें सांगितलें आहे. मुद्रा नसेल तर देय शुल्काच्या दुप्पट दंड, मुद्रा खोटी असेल तर आठपट. राष्ट्रास पीडा करणारा माल बंद करावा, महोपकारी माल शुल्कावांचून येऊं द्यावा, असाहि दंडक त्याच प्रकरणाच्या शेवटीं आहे. (द्राक्षरसाची मदिरा व तिच्या कापिशायन, हारहूरक या जातीहि याच ग्रंथांत दुसऱ्या ठिकाणीं येतात, पण तो विषय वेगळा.) कोण, कोठून, किती व मुद्रा कोठली, हे चार प्रश्न युरोपीय संघ आज नाशिकच्या बागायतदारास विचारतो. फरक इतकाच कीं कौटिल्याचा अधिकारी द्वाराशीं बसून विचारी; येथें उत्तर छाटणीच्या दिवसापासून लिहूं लागावें लागतें.

ही पद्धति एका दिवसांत आली नाहीं. २००३ सालीं हॉलंडमध्यें भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सांपडले. त्यानंतर केंद्र सरकारच्या अपेडा या संस्थेनें अंशतपासणीची योजना आंखली. पुण्यानजीक मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांत या कामाची मुख्य प्रयोगशाळा झाली. २००६ सालीं ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदपद्धति सुरू झाली. कृषि खात्याकडे बागेची नोंद करावयाची. राज्यापासून प्रत्यक्ष बागेपर्यंतचा संकेतांक घ्यावयाचा. कोणतें औषध किती व कोणत्या तारखेस मारलें त्याची वही ठेवावयाची. तोडणीपूर्वीं मान्य प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घ्यावयाचा. मग अ‍ॅगमार्कचा दाखला, रोगकीड नसल्याचा दाखला, आणि खोक्यावर तोच संकेतांक. हॅम्बुर्गच्या दुकानांतील खोक्यावरून निफाडच्या गटांत पोंचतां येतें, ही गोष्ट खोटी नव्हे.

एक नियम झाल्यानें लाभ झालाच. एका तपासणीनें अनेक राष्ट्रांचीं दारें उघडतात. पण एका ठिकाणीं दोष निघाला तर इशारा सर्वत्र जातो व तींच दारें एकदम मिटूं शकतात. २०१० च्या हंगामांत हें घडलें, व त्या प्रसंगाकडे अभ्यासकांचें लक्ष आम्ही मुद्दाम वेधतों.

क्लोरमेक्वाट क्लोराइड नांवाचें वाढ रोखणारें द्रव्य आहे. बागायतदार त्यास लिहोसिन म्हणून ओळखतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आटोक्यांत राहावी व काडींत घडाची धारणा चांगली व्हावी म्हणून तें वापरीत. तें कीटकनाशक नव्हे, फळावर मारावयाचेंहि नव्हे, आणि आपल्याकडील तपासणीच्या यादींत तें नव्हतें. युरोपच्या कायद्यांत मात्र द्राक्षांतील त्याची मर्यादा एका किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती. त्या वर्षीं तेथील प्रयोगशाळांनीं तें शोधलें, तें मर्यादेबाहेर निघालें, आणि समुद्रांत असलेल्या व बंदरांत उतरलेल्या मालाची दैना झाली. कोठें माल नाकारला गेला, कोठें पडत्या भावानें गेला. आपला दाखला हातांत असतां माल नापसंत झाला, याचा अर्थ बागायतदारास लागेना. दाखला खोटा नव्हता. पण ज्या प्रश्नांचें उत्तर त्यांत होतें त्यांत तो एक प्रश्नच नव्हता. पुढील हंगामापूर्वीं यादी वाढविण्यांत आली. २०१० चे तपासणी-अहवाल व त्यानंतरच्या हंगामाचे अहवाल शेजारीं ठेवून पाहिले, तर नव्या नांवाची ओळ कोठें शिरली हें दिसतें. पाठभेद पाहण्याची ज्यांना संवय आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची जरूर नाहीं.

सरकारी कायद्यापलीकडे युरोपांतील मोठ्या विक्रेत्यांचेहि नियम आहेत. त्यांनीं १९९७ सालीं ‘युरेपगॅप’ ही नियमावली सुरू केली; २००७ सालीं तिचें नांव ‘ग्लोबलगॅप’ झालें. कांहीं विक्रेते तर कायद्यानें दिलेल्या मर्यादेच्या एक तृतीयांशाहून अधिक अंश चालूं देत नाहींत. हा राजाचा हुकूम नव्हे, सावकाराची अट आहे. पण पाळणाऱ्यास दोहोंचें ओझें सारखेंच.

या नियमावलींतून मजुरांविषयींचीं कलमें बागेंत आलीं : हात धुण्याची सोय, शौचालय, प्रथमोपचाराची पेटी, औषध मारणाऱ्यास मुखपट व हातमोजे, लहान मुलांस कामास न लावणें. हीं कलमें चांगलीं आहेत, व तीं बाहेरून यावीं लागलीं याचा खेद मानावा. परंतु पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतून ज्या टोळ्या हंगामास बागांवर येतात, त्यांचा वृत्तांत या दप्तरांत फार थोडा सांपडतो. ऑक्टोबर छाटणी, काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणें, फेल काढणें, मण्यांची विरळणी, घड जी. ए. च्या द्रावणांत बुडविणें, हीं सारीं हातांचीं कामें. युरोपास मणी निदान १६ मिलिमीटरचा व एकसारखा लागतो. तो एकसारखा होतो तो या स्त्रियांच्या कात्रीनें. पुष्कळसें काम उक्तें दिलें जातें व पैसा मुकादमाच्या हातीं जातो. औषधाच्या वहींत थेंबाथेंबाची नोंद आहे. विरळणी करणाऱ्या बाईचें नांव व तिला काय मिळालें हें फक्त मुकादमाच्या वहींत असतें, आणि ती वही मागण्याचा अधिकार ब्रुसेल्सच्या कायद्यानें कोणास दिलेला नाहीं. आमच्या दृष्टीनें सर्व दप्तरांत मौल्यवान कागद हाच.

द्राक्षें संघाच्या सीमेंत जातात, तोडणारा मजूर जाऊं शकत नाहीं. कागदाच्या जोरावर मजुरांसहि ती सीमा ओलांडतां आली, असें एक उदाहरण मात्र गोव्यांत आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीं पोर्तुगीज अमलाखालीं जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवांना पोर्तुगालचें नागरिकत्व मागतां येतें. भारत व पोर्तुगाल यांचा तुटलेला संबंध १९७४ च्या अखेरच्या तहानें पुन्हा जुळला. १९८६ च्या आरंभीं पोर्तुगाल युरोपीय समुदायांत आला, आणि जन्माच्या जुन्या नोंदवहींतील एक ओळ एकाएकीं युरोपभर काम करण्याचा परवाना झाली. ती लिस्बन येथें दाखल करून घेऊन किती तरी गोमंतकीय इंग्लंडांतील स्विंडनसारख्या गांवीं कामास गेले. याकरितां भारताचें नागरिकत्व सोडावें लागतें, हेंहि सांगितलें पाहिजे. ३१ जानेवारी २०२० रोजीं इंग्लंड संघांतून बाहेर पडलें व त्या वर्षाच्या अखेरीस ती वाट बंद झाली; आधीं पोंचून राहिलेल्यांचे हक्क राहिले. नोंदवह्या त्याच, शाई तीच, पण त्यांचें मोल दोन परकीय राजधान्यांतील निर्णयांनीं चढलें व उतरलें.

राज्याराज्यांच्या व्यवहाराचा भाग राहिला. समुदायाशीं राजकीय संबंध जोडणाऱ्या पहिल्या राष्ट्रांत भारत होता. तें १९६२ सालीं झालें. १ जानेवारी १९७३ रोजीं इंग्लंड समुदायांत शिरल्यावर आपल्या जुन्या सवलती संपूं लागल्या व त्याच वर्षीं व्यापारी सहकाराचा करार करावा लागला. चिली, दक्षिण आफ्रिका, पेरू यांनीं पुढें संघाशीं स्वतंत्र करार करून आपल्या द्राक्षांस जकातींत सवलत मिळविली. नाशिकच्या द्राक्षांस सुमारें ८ टक्के जकात भरावी लागे. भारताशीं मुक्त व्यापाराचीं बोलणीं २००७ सालीं सुरू झालीं, २०१३ सालीं थांबलीं, २०२२ सालीं पुन्हा आरंभलीं. तीं पूर्ण झाल्याचें २७ जानेवारी २०२६ रोजीं दिल्ली येथें जाहीर झालें. त्या प्रसंगीं संघाच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आलेले आंतोनियो कोस्टा यांचें पितृकुल मडगांवचें, ही गोष्ट इतिहासाच्या भक्तांस आवडावी. परंतु जकात कमी होवो वा न होवो, दहा कोटींत एकाचा हिशेब चुकत नाहीं. आजच्या काळीं खरी जकात ती आहे.

आतां संग्राहकांस कामाचें दोन शब्द. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जामात उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणींत २००० कार्षापण दरमहा शेंकडा एक व्याजानें व दुसरींत १००० पाऊण टक्क्यानें ठेवले. हें निगमसभेंत ऐकविलें व फलकावर नोंदविलें, असें तो सांगतो. ते फलक गेले. दगडावर कोरलें तेवढें आपल्या हातीं आलें. ग्रेपनेटच्या नोंदी सरकारी संगणकांत आहेत, त्या आज ना उद्यां कोणी तरी काढील; पण फवारणीची वही, नापसंत मालाची पत्रें, २०१० च्या हंगामांतील हिशेब व मुकादमाची वही यांची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं. या वस्तु मिळतील तेथें घ्याव्या. घेतांना गट क्रमांक, गांव व छाटणीचें वर्ष कागदावर नव्हे, वेगळ्या चिठ्ठीवर लिहावें. हंगामाची सगळीं पानें एकत्र ठेवावीं, चांगलीं तेवढीं निवडूं नयेत. औषधाच्या डागांनीं पिवळीं पडलेलीं पानें पुसूं नयेत, आणि मुकादमाची वही बागायतदाराच्या वहीबरोबर एकाच रुमालांत बांधावी.