तोंडाच्या वेदनेवरील बधिरकारी फवारे : उपयोग आणि धोके

दाढ ठणकू लागली किंवा तोंड आले की औषधाच्या दुकानातून बधिर करणारा फवारा अथवा जेल आणण्याचा प्रघात आता घरोघरी रुळला आहे. ही औषधे बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीविना हाती पडतात. त्यामुळे ती निरुपद्रवी असावीत, असा समज होतो. तो पूर्णतः खरा नाही.

या औषधांत मुख्यतः दोन द्रव्ये आढळतात : लिग्नोकेन आणि बेंझोकेन. लिग्नोकेनलाच लिडोकेन असेही म्हणतात. नावे दोन असली तरी औषध एकच आहे. ही बाब लक्षात न आल्याने एका नावाचे जेल आणि दुसऱ्या नावाचा फवारा एकाच वेळी वापरला जातो आणि मात्रा नकळत वाढते. हे द्रव्य स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केले. बेंझोकेन त्याहून जुने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आहे. दोहोंचे कार्य सारखेच : मज्जातंतूंच्या आवरणातील सोडियमचे मार्ग अडवून ती वेदनेचा संदेश मेंदूकडे जाऊ देत नाहीत. परिणाम मिनिटाभरात जाणवतो आणि थोड्याच वेळात ओसरतो.

मात्र हा परिणाम केवळ पृष्ठभागापुरता असतो. तोंडातील व्रण, सोललेली हिरडी, कवळीने झालेली जखम यांना फवाऱ्याने आराम पडतो. किडलेल्या दाढेच्या गाभ्यातील नसेपर्यंत तो पोहोचतच नाही. म्हणून दाढदुखीसाठी वारंवार फवारा मारणारा रुग्ण औषधाची मात्रा तेवढी वाढवीत राहतो, वेदना जागच्या जागी राहते.

मात्रेचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे. १० टक्के लिग्नोकेनच्या फवाऱ्याच्या एका दाबात साधारण १० मिलिग्रॅम औषध बाहेर पडते. इंजेक्शनाने देताना या औषधाची कमाल मर्यादा दर किलो वजनामागे सुमारे ४.५ मिलिग्रॅम मानली जाते. १० किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत ती अवघी ४५ मिलिग्रॅम होते आणि पाच दाबांतच ओलांडली जाते. अर्थात हा घरी वापरण्याचा कोटा नव्हे; तोंडाच्या ओलसर अस्तरातून, विशेषतः जखमेतून, औषध रक्तात झपाट्याने शोषले जाते. कानात गुंजन, ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, भोवळ ही मात्रा जास्त झाल्याची पहिली चिन्हे होत. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते.

बेंझोकेनचा धोका निराळा आहे. त्याच्यामुळे क्वचित रक्तातील हिमोग्लोबिनचे रूपांतर मेथहिमोग्लोबिनमध्ये होते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. ओठ व नखे निळसर-करडी पडतात, धाप लागते, गळून गेल्यासारखे होते. लक्षणे काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत दिसतात, आणि पूर्वी अनेकदा औषध निर्धास्तपणे वापरले असले तरी ती उद्भवू शकतात. कोविडनंतर अनेक घरांत आलेला ऑक्सिमीटर येथे दिशाभूल करतो. त्याचा आकडा ८५च्या आसपास अडकून राहतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे आणि वापरलेली बाटली सोबत न्यावी. मेथिलीन ब्लू हे त्यावरील औषध रुग्णालयातच द्यावे लागते, आणि जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना तेही अपायकारक ठरते.

दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांवर यांपैकी काहीही लावू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लिग्नोकेनच्या तोंडात वापरायच्या घट्ट द्रावणाबाबत २०१४ मध्ये, तर बेंझोकेनबाबत २०१८ मध्ये असा स्पष्ट इशारा दिला. दोन वर्षांखालील मुलांना बेंझोकेन वर्ज्य आहे. बाळाच्या लाळेबरोबर ते घशात उतरते, घसा बधिर होतो आणि दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. हिरडीवरून स्वच्छ बोट हळुवार फिरवणे किंवा थंड, ओला कपडा चघळायला देणे पुरेसे असते.

प्रौढांनी वेष्टनावरील सूचना वाचून, श्वास क्षणभर रोखून, नेमक्या दुखऱ्या जागीच फवारावे. घशाकडे मारू नये. त्यानंतर तासभर खाणेपिणे टाळावे, कारण बधिर तोंडाला जीभ चावल्याचे किंवा चहा पोळल्याचेही कळत नाही. काही फवाऱ्यांत मद्यार्क असल्याने जखम चुरचुरते व ज्वाळेजवळ ते धोक्याचे ठरते. दम्याचे, हृदयविकाराचे रुग्ण, गर्भवती आणि अशा औषधाची पूर्वी ॲलर्जी झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. दुखऱ्या दाढेशी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याचा जुना उपाय तर सोडूनच द्यावा. तिने हिरडी भाजते. लवंगेचे तेलही थेट ओतल्यास तेच करते.

दोन-तीन दिवसांत दुखणे न ओसरल्यास फवारा बाजूला ठेवून दंतवैद्याकडे जावे. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात ही सोय आहे. गालावर सूज, ताप, तोंड उघडता न येणे किंवा गिळताना त्रास असल्यास त्याच दिवशी जावे. तंबाखू खाणाऱ्याचा न दुखणारा व्रणही दोन आठवड्यांनंतर टिकून असेल, तर त्याची तपासणी कर्करोगाच्या शक्यतेसाठी करून घ्यावी लागते.