पाय ‘आंबतात’ ते आम्लामुळे नव्हे

जूनमधल्या एका संध्याकाळी निरवांगीचा एक पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर दवाखान्यात आला. माझ्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. त्या तो नेहमीसारखा चढून आला. पण तपासून झाल्यावर लघवीचा नमुना द्यायला खाली निघाला, तेव्हा कठडा धरून आडवा, खेकड्यासारखा उतरला. खरं तर निदान तिथेच झालं होतं.

निरवांगी हे नीरेच्या काठचं, उसाचं गाव. या भागात कुस्ती आणि कबड्डी घरच्या. फुटबॉल मात्र बहुतेक मुलांना शाळेतच भेटतो. हा मुलगा बारामतीला शिकायला आहे आणि शाळेच्या संघात खेळतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड महिना त्याने बॉलला पाय लावला नव्हता. शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी चपळाईचा सराव झाला: जमिनीवरच्या दोरीच्या शिडीतून पावलं टाकणं, प्लास्टिकच्या शंकूंमधून नागमोडी पळणं, शिट्टी वाजली की जागीच थांबून उलट फिरणं. एकूण दीड तास. त्या रात्री तो मजेत जेवला. दुसऱ्या दिवशी मांड्या जड झाल्या आणि तिसऱ्या दिवशी शौचाला बसणंही अवघड झालं. निवड चाचणी एका दिवसावर आली होती.

वडील म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पायात ॲसिड साठलंय म्हणतात सगळे. एखादं इंजेक्शन द्या, म्हणजे निघून जाईल. उद्या पळायचंय त्याला.”

या ॲसिडचा पत्ता मीही कित्येक वर्षं पेशंटना देत आलो आहे. आम्ही एमबीबीएसला असताना वॉर्डात आणि मैदानात हेच ऐकलं होतं. म्हणून आज या गैरसमजाचाच इतिहास सांगतो. तो कळला की इंजेक्शन का दिलं नाही, हेही कळेल.

आपल्या भाषेत दमलेले पाय ‘आंबतात’. दही आंबतं तसेच. हा शब्द रूढ करणाऱ्यांना रसायनशास्त्र ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण योगायोग गमतीचा आहे. लॅक्टिक ॲसिड पहिल्यांदा सापडलं ते आंबलेल्या दुधातच. १७८० साली कार्ल शीले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने ते वेगळं काढलं. पुढे १८०७च्या सुमारास त्याच्याच देशातल्या बर्झेलियसला शिकारीत पळवून मारलेल्या हरणांच्या स्नायूंत तेच आम्ल मिळालं. मग १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या पायाचे स्नायू थकेपर्यंत आकुंचित केले. आम्ल वाढलं. तोच स्नायू ऑक्सिजनमध्ये ठेवल्यावर ते कमी झालं. स्नायूंच्या याच अभ्यासासाठी हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ सालचं नोबेल मिळालं.

या मंडळींचं काही चुकलं नव्हतं. ते अभ्यास करत होते थकव्याचा, म्हणजे पळता पळता पाय का थांबतात याचा. तिसऱ्या दिवशी पायऱ्या का उतरता येत नाहीत, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पण ‘श्रम केले की आम्ल वाढतं’ आणि ‘श्रम केले की दुखतं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की तिसरं आपोआप तयार होतं. ते जगभर तयार झालं आणि मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

हे दोन थकवे किती वेगळे आहेत, हे कळायला खाशाबा जाधवांकडे बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आला. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लढत लांबली आणि ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं करण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला कुणी अधिकारी तिथे नव्हता, असं त्या दिवसाबद्दल सांगतात. खाशाबांना हवा होता अर्धा तास. तेवढ्यात श्वास जागेवर येतो, स्नायूतला तातडीचा इंधनसाठा बराचसा पुन्हा भरतो आणि रक्तातलं लॅक्टेट उतरणीला लागतं. तास-दीड तासात ते जवळपास मूळ पातळीवर येतं. म्हणजे आमच्या निरवांगीच्या मुलाच्या पायात साठलेलं ‘ॲसिड’ तो त्या रात्री जेवायला बसला तेव्हाच निघून गेलं होतं. मग तिसऱ्या दिवशी दुखत होतं ते काय?

याचं उत्तर फ्लेचर-हॉपकिन्सच्याही आधी एकाने दिलं होतं. बॉस्टनमध्ये थिओडोर हफ याने माणसांना बोटाने वजन ओढायला लावलं आणि १९०२ साली लिहून ठेवलं की स्नायू दुखण्याचे प्रकार दोन. एक श्रम करतानाचा. दुसरा दुसऱ्या दिवशी उगवणारा, सराव नसलेल्या स्नायूत होणारा, आणि तो बहुधा स्नायूच्या आतल्या बारीक फाटण्यामुळे. हे बरोबर होतं. पण शाळा-मैदानांपर्यंत पोचलं ते आम्लच. फाटणं दाखवायला सूक्ष्मदर्शक लागतो. आम्ल साध्या भाषेत समजतं, आणि आपल्याकडे तर पाय आंबतातच!

पुढचा पुरावा तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलेला असणार. सिंहगड चढताना दम लागतो, घाम फुटतो, लॅक्टेट वाढतं. उतरताना गप्पा मारत येतो. दोन दिवसांनी मांड्या दुखतात त्या चढल्यामुळे की उतरल्यामुळे? १९८३ साली लंडनमध्ये न्यूहॅम आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. माणसांना एका उंचवट्यावर चढ-उतार करायला लावलं, पण एक पाय कायम चढायचा आणि दुसरा कायम उतरायचा. दुखला उतरणारा. त्याच वर्षी अमेरिकेत श्वेन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना सपाट पट्ट्यावर आणि काहींना उतारावर पळवलं. सपाटीवाल्यांचं लॅक्टेट वाढलं पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारवाल्यांचं वाढलं नाही आणि पाय दुखले. इथे आम्ल निर्दोष सुटलं. त्याआधी १९८१मध्ये स्वीडनमध्ये फ्रिडेन यांनी जिने उतरून आलेल्यांच्या पायातले स्नायूचे कण काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले होते. स्नायूच्या तंतूंना आडवं बांधून ठेवणाऱ्या रेघा जागोजागी विस्कटलेल्या दिसल्या.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी त्याला धरूनही ठेवावं लागतं. विहिरीतून भरलेली घागर ओढणं वेगळं आणि ती सुटू न देता दोर हळूहळू सोडणं वेगळं. हात सोलवटतात ते सोडताना. चपळाईचा सराव म्हणजे हीच ब्रेक लावण्याची मालिका. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या खेळाडूंचा अभ्यास २००७ साली झाला, तेव्हा एका सामन्यात एक खेळाडू सरासरी ७००हून अधिक वेळा वळतो असं दिसलं. प्रत्येक वळणाआधी थांबणं आलं. सरळ रेषेत पाच किलोमीटर पळणाऱ्या मुलाचे पाय दुखत नाहीत आणि शंकूंमधून अर्धा तास फिरलेल्याचे दुखतात, ते यामुळे.

आता थोडं आपल्या तालमीकडे वळतो. फुटबॉल आणि तालीम हे दोन शब्द एकत्र ऐकून कुणाला नवल वाटलं तर त्याने कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर एखादा सामना बघावा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल ही तिथल्या फुटबॉल संघांची नावं. शाहू महाराजांनी १९१२मध्ये खासबाग मैदान उभं करून ज्या शहराला कुस्तीचं वेड लावलं, त्याच शहराच्या पेठांमधल्या तालमींनी फुटबॉलही आपलासा केला. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

तालमीतलं सगळं शास्त्रीय होतं असं मी म्हणणार नाही. पण शरीर पूर्ववत होण्याबाबत वस्तादांना जे कळलं होतं, ते प्रयोगशाळांना फार उशिरा कळलं. नव्या पोराला पहिल्या दिवशी शंभर बैठका कुठलाही शहाणा वस्ताद मारू देत नाही. थोड्या, मग रोज चार-दोन वाढवत. बैठकेत खाली जाणं म्हणजे पुन्हा तेच, धरून ठेवत सोडणं. अशा कामाचा एक छोटा डोस स्नायूला पुढचे काही आठवडे मोठ्या डोसापासून वाचवतो, हे आता अनेक प्रयोगांत सिद्ध झालं आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा आणि नंतर सगळं अंग सुखावेल असं मर्दन करावं, असं सांगितलं आहे. मर्दनाचं म्हणाल तर २०१८ साली ९९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दुखणं आणि थकवा कमी वाटण्यासाठी सगळ्या उपायांत मालिशच सरस ठरली. मात्र मालिशने विस्कटलेले तंतू लवकर सांधत नाहीत. आराम वाटतो एवढंच, आणि ते काही कमी नाही. आंबलेला पाय गुडघ्याने तुडवून ‘गाठी फोडणारे’ मात्र मला मुळीच पसंत नाहीत.

दूध आणि झोप या तालमीच्या आणखी दोन गोष्टी. स्नायूची डागडुजी प्रथिनांनी होते. पाव लिटर दुधात सुमारे आठ ग्रॅम प्रथिनं असतात. त्याला दोन अंडी किंवा वाटीभर उसळ आणि भाकरीची जोड दिली की पंधरा वर्षांच्या मुलाला डब्यातल्या पावडरीची गरज पडत नाही. झोपेबाबत वस्ताद कडक असत. आताच्या मुलांच्या हातात रात्री बारापर्यंत मोबाइल असतो, आणि हे माझ्या मते कुठल्याही ड्रिलपेक्षा जास्त नडतं.

बर्फाचीही एक गोष्ट सांगायला हवी. १९७८ साली डॉ. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी दुखापतीसाठी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं हे चार उपाय एका सुटसुटीत शब्दात बांधले. जगभर त्याचा मंत्र झाला. सुमारे ३५ वर्षांनी खुद्द मर्किन यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं उलट लांबू शकतं. २०१५ साली ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला. १२ आठवडे ताकदीचा व्यायाम केल्यावर जे दर वेळी थंड पाण्यात बसले, त्यांचे स्नायू हलका व्यायाम करून थांबलेल्यांपेक्षा कमी वाढले. सूज येणं हा दुरुस्तीचाच भाग असतो. लागोपाठ सामने असतील तर थंड पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटेल, पण सरावाच्या दिवसांत ते रोज कशाला?

आता इंजेक्शनकडे येऊ. दुखणं दाबता येतं, पण घटलेली ताकद इंजेक्शनने परत येत नाही. सरावानंतर लगेचच ताकद कमी झालेली असते, दुखणं मागाहून येतं. अशा पायाने वेगात ब्रेक लावला तर मांडीमागची शीर भरते, आणि मग प्रश्न एका चाचणीचा न राहता दोन महिन्यांचा होतो. त्यात मुलाने मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या दोन दिवस रिकाम्या पोटी घेतल्या होत्या. पाणी कमी पिऊन, उन्हात पळून वर या गोळ्या घेणं मूत्रपिंडाला महागात पडू शकतं. लघवी तपासायला सांगितली ती म्हणूनच. स्नायू फार मोठ्या प्रमाणात फुटले तर त्यांतलं रंगद्रव्य लघवीत उतरतं आणि लघवी कोऱ्या चहासारखी दिसते. तसं दिसलं, पाय टणक सुजले किंवा उलट्या होऊ लागल्या तर घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. या मुलाची लघवी स्वच्छ होती.

मी इंजेक्शन दिलं नाही. गोळ्या बंद करायला सांगितल्या. भरपूर पाणी, रात्री दूध, घरच्या तेलाने हलकी मालिश आणि सकाळ-संध्याकाळ शेताच्या बांधावरून सावकाश चालणं सुचवलं. पूर्ण पडून राहण्यापेक्षा हलती विश्रांती बरी. प्रशिक्षकांना एक चिठ्ठीही लिहिली. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा वळणं कमी ठेवा, वीस मिनिटांपासून सुरुवात करा आणि मांडीमागच्या स्नायूंचा नॉर्डिक व्यायाम हळूहळू वाढवत न्या. हा व्यायाम सोपा आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि अंग ताठ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं. डेन्मार्कमध्ये ५० संघांच्या ९४२ खेळाडूंवर त्याचा प्रयोग झाला. २०११ साली छापून आलेल्या निष्कर्षांनुसार व्यायाम करणाऱ्या संघांत मांडीमागच्या दुखापती निम्म्याहूनही कमी झाल्या.

वडील नाराज होऊन गेले, आणि ते मी समजू शकतो. चाचणी चुकली. पुढच्या सोमवारी मुलगा रिपोर्ट न्यायला एकटाच आला. प्रशिक्षकांनी चिठ्ठी वाचून महिनाअखेरीस पुन्हा बघतो म्हटलं आहे, असं त्याने सांगितलं आणि तिन्ही पायऱ्या एका उडीत उतरून गेला.