आपल्या पायांखालचा काळा खडक

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचा हादरा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही जाणवला. पुढील रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, "फादर, आपली जमीन ज्वालामुखीची म्हणतात. तो पुन्हा जागा तर होत नाही ना?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

जमीन ज्वालामुखीचीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठास लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहत राहिला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. हे थर सह्याद्रीत फार जाड आहेत. पूर्वेकडे ते पातळ होत येतात. वणीच्या बाजूस तर चुनखडक व कोळसा असे त्याहून जुने खडक वर आलेले दिसतात. काही वर्षांपूर्वी शिबला गावाजवळ षट्कोनी खांबांसारखे पाषाण उघडे पडले. थंड होताना आक्रसलेल्या लाव्ह्याचेच ते रूप. आपल्या कपाशीची काळी माती याच खडकाची लेक. तो अग्नी केव्हाच विझला आहे.

मात्र 'धोका नाही' हे शब्द कोणी, कशाच्या आधारावर उच्चारावेत, याचा इतिहास कडू आहे. आणि त्यात आमच्यासारख्या धर्मगुरूंचाही भाग आहे.

कोलंबियातील नेवादो देल रुईस हा हिमाच्छादित ज्वालामुखी. १८४५ मध्ये त्याच्या चिखलाच्या लोंढ्याने सुमारे हजार माणसे गाडली होती. त्याच गाळावर पुढे आर्मेरो हे नगर वसले. १९८५ च्या ऑक्टोबरात शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा तयार केला, आणि त्यात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात होते. १३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी नगरावर राख पडू लागली, तेव्हा नगराध्यक्षांनी व तेथील धर्मगुरूंनी लोकांना धीर दिल्याची नोंद आहे. रात्री नऊनंतर उद्रेक झाला, बर्फ वितळले, आणि सुमारे अडीच तासांनी चिखलाचा लोंढा आर्मेरोवर आला. वीस हजारांहून अधिक माणसे गेली. अडीच तास! जवळच्या टेकडीवर चढायला तेवढा वेळ पुरेसा होता. त्या धर्मबंधूंना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. घाबरलेल्या लोकांना शांत करणे हेच आपले काम, असे आम्हीही समजत आलो आहोत.

याच्या उलट चित्र फिलिपिन्समधील पिनातुबो डोंगराचे. तो सुमारे पाचशे वर्षे निद्रिस्त होता. २ एप्रिल १९९१ रोजी तेथे वाफेचे स्फोट झाले. दुसऱ्याच दिवशी सिस्टर एम्मा फोंदेविया ही फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी संघाची धर्मभगिनी आयता आदिवासींना घेऊन ज्वालामुखी संस्थेच्या शास्त्रज्ञांकडे गेली. डोंगरावर राहणाऱ्यांनी जे पाहिले ते तिने त्यांच्यासमवेत जाऊन सांगितले. त्यांनीही ते ऐकले, उपकरणे बसवली, पायरीपायरीने इशारे दिले. १५ जूनच्या महास्फोटापूर्वी हजारो कुटुंबे हलवली गेली होती. तरीही काही शे माणसे दगावली. बहुतेक जण ओल्या राखेच्या भाराने कोसळलेल्या छपरांखाली सापडले. पुढे छावण्यांत गोवर आला आणि आयतांची लेकरे गेली. डोंगरापासून दूर नेले म्हणजे माणूस वाचलाच, असे नव्हे. हा हिशेब नकाशावर मांडलेला नव्हता.

आपल्या महाराष्ट्राचा धडा किल्लारीचा. तेथे १९९२ मध्येच धक्के जाणवू लागले होते आणि लोक भयभीत झाले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लाव्ह्याच्या थराखालील पुरातन खडक सरकला आणि साडेसात हजारांहून अधिक जीव गेले. ज्वालामुखीचा येथे काहीही संबंध नव्हता. मारले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि धाब्याच्या जड छपरांनी. तीही माणसांनी उन्हापासून बचावासाठीच बांधलेली.

त्या गृहस्थांस आम्ही सांगितले की, हा ज्वालामुखी जागा होणार नाही. मग विचारले, "बाबा, तुमच्या घराच्या भिंती कशाच्या?"

"दगडमातीच्या. आमच्या आजोबांनी बांधलेल्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही ते घर पाहून आलो. मागच्या भिंतीला पोट आले होते, आणि त्याच भिंतीशी नातवंडांचे अंथरूण होते. ते आम्ही त्याच संध्याकाळी ओसरीत हलवून घेतले.