उंबऱ्याबाहेरची लोकशाही

अमेरिकन लोकशाहीच्या वाढीचें श्रेय बहुधा १८२८ सालीं निवडून आलेल्या अँड्र्यू जॅक्सनला दिलें जातें. परंतु त्या वाढीचें मर्म १८२१ सालीं आल्बनी येथें भरलेल्या न्यूयॉर्क राज्याच्या घटनापरिषदेंत दिसतें. निदान वरिष्ठ सभेच्या मतदारास तरी स्थावर मालमत्ता हवी, असा आग्रह न्यायाधीश जेम्स केंट यांनीं धरला. परिषदेनें तो मानला नाहीं. गोऱ्या पुरुषांपुरती ती अट गेली. कृष्णवर्णीय पुरुषांवर मात्र त्याच परिषदेनें सर्वच निवडणुकांसाठीं २५० डॉलरांच्या स्थावराची अट लादली. ती १८७० सालापर्यंत टिकली. स्त्रियांस तर मत नव्हतेंच. दारिद्र्यानें मनुष्य मतास अपात्र ठरत नाहीं, हें तत्त्व ज्यांनीं मान्य केलें, त्यांनींच तें शेजाऱ्यास नाकारलें! म्हणून लोकशाहीची वाढ मोजतांना आंत आलेल्यांबरोबर उंबऱ्याबाहेर ठेवलेल्यांचीहि गणती केली पाहिजे.