फुटक्या बश्यांचा कळस

मे महिना, दुपारचे दोन. सोलापूरकडच्या मोडनिंबमधल्या एका जुन्या घराच्या गच्चीवर कुरडया उलटवायला तुम्ही अनवाणी आला आहात. पायाखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर सिमेंटात बसवलेले चिनी मातीचे पांढरे तुकडे. एक त्रिकोणी, एक चंद्रकोरीसारखा, मध्येच एक निळ्या फुलाचा. पांढऱ्या तुकड्यांवरून ऊन परततं, म्हणून खालची खोली जरा गार राहते; या थरामुळे पावसाळ्यात छतही गळत नाही. पण आत्ता डोळे दिपताहेत ना? मिटा. त्या निळ्या फुलावर टाच घट्ट दाबा.

पायाला ओलं लागलं? घाबरू नका, नदीचा चिखल आहे. तुम्ही सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये आहात, चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावर. साल १८४० च्या आसपासचं, राज्य तिसरा राम या राजाचं. ऊन आपल्यासारखंच, पण सोलापूरचं ऊन चटका देतं आणि घाम वाळवून टाकतं. इथे तो पाठीवरून ओघळतच राहतो. नाकात आंबवलेल्या कोळंबीचा उग्र वास शिरतो, मागोमाग चुन्याचा. आणि तिसरा? हा तर गुऱ्हाळाचा! वास घेत पुढे जा. एका देवळाच्या कामासाठी चुना कालवताना त्यात उसाची काकवी ओतताहेत. आपल्याकडे वाड्यांसाठी चुना मळताना घाणीत गूळ, हिरडा, बेलफळ पडायचं. तोच चिकटपणा, तीच युक्ती. परक्या देशात एवढी ओळख पुरे आहे. आता तुमचे खांदे सैल होतात.

धक्क्याला चिनी गलबतं लागली आहेत, नाकाडावर दोन मोठे डोळे रंगवलेली. इथून जाताना ती तांदूळ, साखर भरून जातात. येताना चहा आणि रेशीम, म्हणजे हलका माल. लाटांवर गलबत कलू नये म्हणून तळाशी वजन हवं, त्या वजनाला नीरम म्हणतात. इथे ते वजन चिनी भांड्यांचं. वादळी समुद्रातून येताना त्यातलं किती अख्खं राहणार! हमाल टोपली पालथी करतात आणि खळ्ळकन आवाज होतो. तुमच्या काळजात धस्स होतं. होणारच. आपल्या घरी बशी फुटली की सगळे क्षणभर गप्प होतात. फुटकं भांडं अशुभ म्हणून संध्याकाळच्या आत ते उकिरड्यावर जातं. इथे त्या आवाजाकडे कोणी वळूनही बघत नाही.

बसा खाली कारागिरांच्या त्या ओळीत, इथे देवळासाठी फुलं घडताहेत. शेजारच्या चिनी कारागिराने तुमच्या हातात पक्कड दिली आहे. भाषा कळत नाही, पण हात बघा. वाडग्याचा तुकडा तो कडेने थोडा थोडा कुरतडतो. टिक, टिक, टिक. शंभर हातांतून हाच आवाज येतोय, पत्र्यावर वळवाचे पहिले थेंब पडावेत तसा. तुकड्याची पाकळी होते. वाडगा गोल असतो, म्हणून पाकळी फुगीर येते. सपाट बशीतून अशी पाकळी निघतच नाही. बशीला दुसरं काम: ती अख्खी बसते, फुलाच्या मधोमध. हिरवे तुकडे पानांना, गुलाबी कळ्यांना. एका ढिगात पाचरंगी भांड्यांचे तुकडे आहेत. त्यांना इथे बेंजारोंग म्हणतात. कान देऊन ऐका, हा आपलाच पंचरंग.

बोट कापलं? कापतंच. काचेसारखी धार असते, वर चुना जखमेत चुरचुरतो. पलीकडची आजी हसते आणि तुम्हाला पानाचा विडा देते. तिच्या डबीतला चुना हळदीमुळे लालसर आहे. खा. घशाशी ओळखीची ऊब येते.

देवळाकडे माणसांची रीघ लागली आहे. कोणाच्या हातात तडा गेलेला वाडगा, कोणाच्या पदरात बशीचे चार तुकडे. राजाने मागितलं आणि माणसांनी घरातलं फुटकं आणून दिलं. ती बाई तुकडे उतरवते, हात जोडते, आणि आपली बशी कुठल्या फुलात जाईल ते वर बघते. ही रांग मला त्या सगळ्या कामाहून मोठी वाटते. नवस फेडायला नारळ नेतात तसं ही माणसं फुटकी भांडी घेऊन आली आहेत.

आता चढा. पायऱ्या इतक्या उभ्या की गुडघा छातीला लागतो. वीसेक मजल्यांएवढ्या शिखराला राक्षस आणि वानर खांद्यावर तोलून उभे आहेत, वर कोनाड्यात ऐरावतावर बसलेला इंद्र. देवळाचं नाव वाट अरुण. वाट म्हणजे देऊळ, आणि अरुण तोच, सूर्याचा सारथी.

मोडनिंब स्टेशनातल्या गाडीची शिट्टी ऐकू येते. डोळे उघडा. कुरडया वाळल्या आहेत.

वाट अरुण आजही उभं आहे. २०१३ ते २०१७ या काळात त्याची मोठी डागडुजी झाली. बँकॉकला गेलात तर था तिएन धक्क्यावरून होडीने नदी ओलांडा आणि भिंतीजवळ जाऊन एकच फूल न्याहाळा. मधली बशी अख्खी आहे, पाकळ्या वाडग्याच्या आहेत.