कल्याणमध्ये होती ऑस्ट्रेलियातून आलेली रेडिओ दुर्बीण. अवकाश संशोधनात देश एकमेकांची मदत का घेतात?

कल्याण म्हटलं की लोकलची गर्दी, दुर्गाडी किल्ला आणि खाडी आठवते. पण १९६५ मध्ये याच कल्याणजवळ ३२ छोट्या डिश उभ्या होत्या आणि त्या सूर्याकडून येणारे रेडिओ सिग्नल टिपत होत्या. देशातल्या सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी ही एक. आणि तिच्या डिश भारतात बनलेल्या नव्हत्या, त्या आल्या होत्या ऑस्ट्रेलियातून, भेट म्हणून.

इस्रोची कुठलीही मोहीम दुसऱ्या देशासोबत असली की सोशल मीडियावर एक प्रश्न हमखास येतो: आपण स्वतः करू शकतो, तर नासा किंवा युरोप कशाला हवा? या प्रश्नाचं बरंचसं उत्तर कल्याणच्या त्या ३२ डिशच्या गोष्टीत आहे.

सिडनीहून कल्याणला

डॉ. गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ १९५३ मध्ये कोलंबो योजनेच्या फेलोशिपवर ऑस्ट्रेलियाला गेले. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सूर्याच्या अभ्यासासाठी सहा-सहा फूट व्यासाच्या ३२ डिशची रांग होती. तिथल्या शास्त्रज्ञांना नवी, मोठी दुर्बीण बांधायची होती, त्यामुळे ही जुनी मोडीत निघणार होती. स्वरूप यांनी विचारलं, या डिश भारताला द्याल का? ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने होकार दिला.

पण होकार मिळाला म्हणून काम झालं असं नाही. जहाजाने आणण्याचा खर्च कोणी करायचा, यावरच घोडं अडलं. त्या काळात परकीय चलन म्हणजे सोन्याहून मौल्यवान. स्वरूप पुढे अमेरिकेला गेले. डिश उशिरा का होईना दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोहोचल्या, मात्र बराच काळ पडून राहिल्या.

१९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या स्वरूप यांच्यासह चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी भारतातल्या संस्थांना पत्र लिहिलं: आम्ही परत येऊन एक गट उभा करायला तयार आहोत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून, म्हणजे टीआयएफआरमधून, होमी भाभांनी लगेच होकार कळवला. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईत आले आणि दोन वर्षांत त्या ३२ डिश कल्याणला उभ्या राहिल्या. २४ पूर्व-पश्चिम रांगेत, ८ दक्षिणोत्तर.

फुकटात मिळालेल्या जुन्या सामानाचा फायदा काय झाला? सूर्याच्या बाह्य वातावरणाची निरीक्षणं तर झालीच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तरुण मुलांचा एक गट अँटेना जोडायला, रिसीव्हर बनवायला आणि डेटा वाचायला शिकला. या गटाने पुढे तमिळनाडूत उटीला ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण बांधली. ती १९७० मध्ये सुरू झाली आणि तिची रचना भारतीयच होती.

मग माळशेजच्या पलीकडे

ठाणे-कल्याण-डोंबिवलीचे लोक पावसाळ्यात मुरबाडमार्गे माळशेज घाटात जातात. घाट ओलांडून आळेफाट्याहून पुण्याच्या दिशेने निघालं की नारायणगाव परिसरात शेतांमध्ये पांढऱ्या, जाळीदार, प्रचंड डिश दिसायला लागतात. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. मुख्य केंद्र जुन्नर तालुक्यातल्या खोडदला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. कल्पना पुन्हा गोविंद स्वरूप यांचीच.

कल्याणला सहा फुटांच्या डिश भेट मिळालेल्या होत्या, इथे मात्र उलटं झालं. आता जगभरातले खगोलशास्त्रज्ञ जीएमआरटीवर निरीक्षणाचा वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात.

१९ ऑक्टोबर २०१६ ला तर याहून वेगळंच काम आलं. युरोप आणि रशियाच्या एक्सोमार्स मोहिमेतलं स्कियापरेली हे छोटं यान त्या दिवशी मंगळावर उतरणार होतं. यानाचा ट्रान्समीटर कमजोर होता, कारण त्याने बोलायचं होतं ते मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाशी, पृथ्वीशी नाही. मंगळ तेव्हा साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता आणि सिग्नलला इथे पोहोचायला पावणेदहा मिनिटं लागत होती. एवढा क्षीण आवाज पृथ्वीवरून थेट ऐकायचा, तर अवाढव्य दुर्बीण हवी. शिवाय ती अशा ठिकाणी हवी, जिथे त्या वेळी मंगळ आकाशात असेल.

भारतात तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि मंगळ नैऋत्य आकाशात होता. थोडक्यात, खोडद बरोबर जागी होतं. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने आपले रिसीव्हर जीएमआरटीवर बसवले. यान युरोप-रशियाचं, रिसीव्हर अमेरिकेचा, दुर्बीण भारताची.

सिग्नल मिळाला. यान वातावरणात शिरलं, पॅराशूट उघडलं आणि उतरण्याच्या जेमतेम मिनिटभर आधी सिग्नल बंद पडला. यान कोसळलं होतं. यानाच्या संगणकाने उंचीचं गणित चुकवलं, आपण जमिनीवर पोहोचलोच असं समजून पॅराशूट लवकर सोडलं आणि सुमारे पावणेचार किलोमीटरवरून ते खाली आदळलं, हे नंतर तपासात समोर आलं. नासाच्या मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने कोसळल्याच्या जागेचा फोटोही काढला. इतके कान आणि डोळे वेगवेगळ्या देशांचे होते, म्हणून चूक नेमकी कुठे झाली ते कळलं.

पैशांपेक्षा मोठं कारण

सहकार्य म्हणजे खर्च वाटून घेणं, एवढंच बहुतेकदा सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण अर्धवट. पृथ्वी गोल आहे आणि फिरते, त्यामुळे एका देशाच्या जमिनीवरून कोणतंही दूरचं यान चोवीस तास दिसत नाही. नासानेही याचसाठी कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलिया अशी तीन ठिकाणी केंद्रं ठेवली आहेत. आपल्या मंगळयानाने आणि चांद्रयान-३ ने परदेशी केंद्रांची मदत घेतली ती यामुळेच. ही मदत घेण्यात कमीपणा कसला?

दुसरं कारण उपकरणांचं. २००८ च्या चांद्रयान-१ वर ११ उपकरणं होती, त्यातली ६ परदेशी. चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंच्या खुणा दाखवणारं उपकरण नासाचं होतं. पण ते चंद्रापर्यंत नेलं भारताने. यान नसतं तर उपकरण पृथ्वीवरच राहिलं असतं.

मग धोका नाही का?

आहे, आणि भारताने तो अनुभवला आहे. १९९१ मध्ये रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी क्रायोजेनिक इंजिनाचा करार झाला. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले. रशियाने तयार इंजिनं दिली, तंत्रज्ञान मात्र दिलं नाही. भारताला स्वतःचं इंजिन बनवून यशस्वी उड्डाण करायला ५ जानेवारी २०१४ उजाडावं लागलं. म्हणजे जवळपास वीस वर्षं. एकाच देशावर विसंबून राहिलं की असं होतं.

पुढचा भाग मात्र गमतीचा आहे. ३० जुलै २०२५ ला नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह श्रीहरिकोटाहून उडाला. त्यावरचं एक रडार अमेरिकेचं, दुसरं भारताचं. आणि त्याला वर नेणाऱ्या जीएसएलव्ही रॉकेटमध्ये होतं तेच भारतीय बनावटीचं क्रायोजेनिक तंत्रज्ञान, जे मिळू नये म्हणून अमेरिकेने एकेकाळी निर्बंध लादले होते.

निसारचा संबंध आपल्या भागाशी थेट आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला कोकणावर फक्त ढग दिसतात. रडार ढगांतून आणि रात्रीही पाहतं. निसार दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परत येतो आणि जमीन काही सेंटीमीटर जरी सरकली तरी मोजू शकतो. अर्थात एका रात्रीत कोसळणाऱ्या दरडीचा इशारा तो देणार नाही, तसे दावे करणाऱ्या पोस्ट फॉरवर्ड करू नका. हळूहळू सरकणारे डोंगरउतार मात्र त्यातून ओळखता येऊ शकतात. हा डेटा सगळ्यांसाठी मोफत आहे.

एक्सोमार्सचं काय झालं? स्कियापरेलीनंतर युरोप आणि रशिया मिळून रोव्हर पाठवणार होते. युक्रेन युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये युरोपने हे सहकार्य थांबवलं. तयार होत आलेला रोझालिंड फ्रँकलिन रोव्हर तेव्हापासून जमिनीवर आहे. रशियाकडून येणारे भाग आता दुसरीकडून घ्यावे लागत आहेत, त्यात नासाचीही मदत आहे आणि उड्डाणाचं नवं लक्ष्य २०२८ आहे.