काचेआडचं पाणी

धरमतरच्या खाडीचं पाणी बाराही महिने गढूळ. कोपरभर हात बुडवला की स्वतःची बोटं दिसत नाहीत. त्यामुळे आमच्या खारेपाटात मासे धरण्याची सगळी विद्या ही न दिसणाऱ्या गोष्टींची विद्या होती. तंगूस तर्जनीवरून सोडायचा आणि बोट सांगेल ते खरं मानायचं. गरी दगडाला अडकली, चिंबोरीने धरली, की जिताड्याने घेतली, हे बोटाला कळायचं. जिताडा भक्ष्य चावून तोडत नाही. तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढून घेतो. बोटाला हिसका बसत नाही, तंगूस क्षणभर हलका होतो. त्या हलकेपणावर ज्याने झटका दिला, त्याच्या घरी त्या दिवशी कालवण.

बाबांची जागा उघाडीवर. खारबांधाला शेतातलं पाणी बाहेर काढायला उघाडी असते. भरतीच्या रेट्याने तिची झडप मिटते, ओहोटीला उघडते. झडप उघडली की आतली कोळंबी आणि बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर पडते आणि जिताडा तिथेच टपून असतो. जिवंत आमिष मिळालं नाही तर बाबा गरीला ‘पत्रा’ लावायचे. मोडक्या पितळी पळीचं तोंड कापून, कानशीने घासून केलेला दोन बोटं लांब तुकडा. एका अंगाला तो जरा जास्त ठोकलेला असे. मी एकदा तो सरळ करायला घेतला तर त्यांनी हातातून काढून घेतला. शिकवताना त्यांचं एकच वाक्य असे, “ओरू नको. मरू दे त्याला.” आमच्याकडे ‘ड’ आणि ‘ढ’चा ‘र’ होतो, ओढू नको, असा अर्थ. पण पितळेच्या तुकड्याने मरायचं म्हणजे काय, हे ना त्यांनी फोडून सांगितलं, ना मी विचारलं.

धातूचा चमचा गरीला बांधण्याची युक्ती जगात बऱ्याच ठिकाणी, बऱ्याच जणांना सुचलेली आहे. अमेरिकेत ज्यूलिओ ब्यूएल याने 1852 साली तिचं पेटंट घेतलं. त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला आणि माशाने तो गिळला, अशी गोष्ट सांगतात. खोट्या आमिषाची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. एलियन नावाच्या रोमन लेखकाने इसवी सन 200च्या सुमारास मॅसिडोनियातल्या एका नदीवरची मासेमारी लिहून ठेवली आहे. तिथले लोक गरीला तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याची पिसं लावत. आपल्याकडे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच आहे. गळ, दोर, काठी, कोणत्या माशाला कोणतं आमिष, सगळं त्यात येतं. पण रोमन लेखक काय, चालुक्य राजा काय आणि आमचे बाबा काय, सगळ्यांनी पाहिलं ते काठावरून. पाण्याखाली आमिष नेमकं काय करतं, ते अंदाजाने.

हा अंदाज तपासण्याची शिस्त ज्यांनी पाळली, त्यांत फिनलंडचा लौरी रापाला याचं नाव घ्यावं लागतं. गरीब मच्छीमार. 1936 साली त्याने बुचाचा तुकडा चांभारी चाकूने कोरून मासा केला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद चिकटवला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून रोगण दिलं. कळपातला जो मासा लंगडत पोहतो त्यालाच मोठा मासा उचलतो, हे त्याने पाहिलं होतं, असं सांगतात. म्हणून त्याचा मासा मुद्दाम डुलत जाणारा. 1962च्या ऑगस्टमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर मेरिलिन मन्रो होती, त्यामुळे अंक हातोहात खपला आणि मागणी कारखान्याला पुरी करता येईना. त्या कारखान्याची रीत अशी, की प्रत्येक मासा पाण्याच्या टाकीत ओढून बघायचा. तिरका गेला तर नाकातली कडी चिमट्याने किंचित वाकवायची आणि पुन्हा ओढायचा.

हे सगळं माझ्या पुतण्याने वाचलं आणि म्हणाला, “काका, आपण पण टाकी बांधू.” तो पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे मासे कोरायचा. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात आमच्या गोठ्याची भिंत पडली होती, त्या विटा अंगणात पडून होत्या. पेणच्या एका बंद पडलेल्या दुकानाची 12 मिलिमीटर जाड दर्शनी काच त्याने स्वस्तात आणली. अशी कडक केलेली काच कापायला गेलं तर तिचा चुरा होतो. म्हणून काचेच्या मापाने टाकी ठरली. आतून सात फूट लांब, दोन फूट रुंद, पाणी दोन फूट. तीन बाजू विटांच्या, एक काचेची. पाण्याचा रेटा लांबीवर नाही, खोलीवर वाढतो. तरी त्या काचेवर सुमारे 400 किलोचा भार येणार होता. म्हणून काच लोखंडी चौकटीला आतल्या अंगाने टेकवली, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरील. फटींत सिलिकॉन भरलं. चार दिवस घरभर व्हिनेगरसारखा आंबूस वास होता.

खरी अडचण पाण्याची. टाकीत मावणार 800 लिटर, आणि खारेपाटात उन्हाळ्यात प्यायला टँकरची वाट बघावी लागते. वहिनी स्पष्टच म्हणाली, “माशांची चित्रं काढायला माझ्या घरातलं एक भांडं मिळणार नाही.” तिचं बरोबर होतं. मग आषाढात पन्हळीखाली पाइप लावून टाकी भरली. पहिली दोन पाणी चुन्याने दुधाळ झाली, ती सोडून दिली. तिसरं तुरटी फिरवून निवळलं.

चित्रणाचे धडे एकेक करून मिळाले. समोरून उजेड आला की काचेत आपलंच तोंड दिसतं. म्हणून दिवा वरून आणि मोबाइलभोवती काळं फडकं. मागची भिंत काळपट रंगवली, म्हणजे चंदेरी अंग उठून दिसतं. काचेतून बघताना वस्तू पाऊण अंतरावर भासते, म्हणून मापाच्या रेघा आत भिंतीवर मारल्या. सात फूट अंतर लाकडी मासा तीन-चार सेकंदांत कापतो. एवढ्यात डोळ्याला काही कळत नाही, पण मोबाइलवर सेकंदाला 240 चित्रं घेऊन सावकाश पाहिलं की शेपटीचा प्रत्येक हेलकावा मोजता येतो. गोड्या पाण्यात अधांतरी राहणारा 20 ग्रॅमचा मासा समुद्राच्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमची जास्त उचल मिळून वर येतो. ते तपासायला त्याने मिठागराचं 28 किलो जाडं मीठ विरघळवलं. ते पाणी वहिनीच्या वांग्यांना घालायची सोय उरली नाही.

एका दुपारी मी ट्रंकेतून बाबांचा पत्रा काढून दिला. बाबांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. पुतण्याने तो ओढला. पत्रा खिळ्यासारखा सरळ आला. नुसती चमक, जीव नाही. मग त्याने तंगूस सैल सोडला. सावकाश चित्रात पत्रा आडवा झाला, जास्त ठोकलेल्या अंगावर कलला, घसरला, उलटा कलला, पुन्हा घसरला. वाऱ्यावर पिंपळपान उतरतं तसा, दर वळणाला पोट चमकवत, तळापर्यंत. जखमी बोईट मरताना असंच बुडतं. तिरपं अंग त्यासाठी होतं आणि “मरू दे त्याला” हे त्यासाठी. आयुष्यभर गढूळ पाण्यात मासे धरलेल्या माणसाने ते कधी पाहिलं नव्हतं. बोटाने ओळखलं होतं. पुतण्याने ती फीत चारदा लावली. मी दुसऱ्यांदानंतर बाहेर जाऊन बसलो.

आता तो पितळी पत्र्यातून तसेच तुकडे ठोकतो आणि प्रत्येक टाकीत सोडून बघतो. जो कलत नाही तो भंगारात. पण टाकीत ओहोटी नाही, उघाडी नाही. झडप किती उघडली की सोडायचं, उधाणाला कुठे उभं राहायचं नि भांगाला कुठे, हे तिथे दिसत नाही. ते बांधावर उभं राहूनच शिकावं लागतं. आणि बांधच फुटताहेत. खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं, भात जातं, उघाडी नुसतं भोक होऊन राहते. खाडीत आता मोठे बार्ज ये-जा करतात. जिताडा आठवड्यातून एखाद्याला लागतो. पुतण्या तरी सुकतीची वेळ बघून जातो. सोबत वाडीतली दोन-तीन पोरं असतात. पत्रा पाण्यात पडला की पोरं घाईने ओढू लागतात, तेव्हा तो त्यांना तीन अंक मोजायला लावतो.